एकट्या वाटसरूचा गुन्हा काय?

आपल्याकडील सुशिक्षित घरांत हल्लीं एक चमत्कारिक न्याय रूढ झाला आहे. मुलगा वीस-पंचवीस अनोळखी माणसांच्या टोळक्यांत, ठराविक कार्यक्रमपत्रिका हातांत घेऊन, शिट्टीच्या इशाऱ्यावर हिमालयांत चालूं लागला, तर त्याला धाडसी म्हणावयाचें. आणि तोच मुलगा पाठीवर तंबू व शिधा घेऊन एखाद्या दूरच्या सरोवराकडे एकटा निघाला, तर त्याला आततायी, आत्मकेंद्रित, फार काय घरच्यांच्या जिवाशीं खेळणारा ठरवावयाचें. पहिल्याला निरोप देण्यास सारें घर स्टेशनवर जातें. दुसऱ्याची समजूत घालण्यासाठीं मामा-काकांची सभा भरते. अलीकडे या न्यायाला सरकारी नियमांचेंही पाठबळ मिळूं लागलें आहे. नेपाळनें १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकांना परवानाधारक वाटाड्यावांचून डोंगरांत हिंडण्यास मनाई करणारा नियम काढला, आणि आपल्याकडेही असाच कायदा सर्वत्र व्हावा असें म्हणणारे भले लोक मला वारंवार भेटतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाहीं. परंतु त्यांचा सिद्धान्त चुकीचा आहे, आणि ज्या डोंगरांच्या व ज्या तरुणांच्या कळकळीनें ते तो मांडतात त्या दोघांनाही तो घातक आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

हवेंत वाद घालण्यापेक्षां एक जागा डोळ्यांसमोर धरूं. गढवालांतील चमोली जिल्ह्यांत, त्रिशूळ पर्वताच्या कुशींत, सुमारें १६,००० फुटांवर रूपकुंड नांवाचें एक लहानसें तळें आहे. खडकांच्या ओंजळींत सांठलेलें बर्फाचें पाणी, एवढेंच त्याचें स्वरूप. वर्षांतील बहुतेक महिने तें गोठलेलेंच असतें. १९४२ सालीं जंगलखात्याच्या एका अधिकाऱ्याला त्याच्या कांठीं माणसांच्या हाडांचा खच दिसला, आणि तेव्हांपासून त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. या हाडांच्या अभ्यासांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांचाही मोठा वांटा आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ३८ व्यक्तींच्या अवशेषांची आनुवंशिक तपासणी झाली. त्यांपैकीं २३ जण आपल्याच उपखंडांतल्या वंशाचे निघाले. ते सातव्या ते दहाव्या शतकांत, आणि तेही सर्व एकाच वेळीं नव्हे, मृत्यु पावले होते. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडील वंशाचे, म्हणजे थेट ग्रीस-क्रीटच्या बाजूचे, आणि अवघ्या दोनशें वर्षांमागचे. उरलेला एक आग्नेय आशियाकडील वंशाचा. ग्रीसकडचे हे चौदा लोक त्या बर्फांत काय शोधीत होते, याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं.

गांवकऱ्यांनीं मात्र आपला उलगडा पूर्वींच केला आहे. कनोजचा राजा जसधवल गर्भवती राणी, सैन्य आणि नर्तकी यांसह नंदादेवीच्या यात्रेला निघाला. देवीच्या भूमींत त्यानें नाचगाण्याचा थाट मांडला. देवी कोपली, लोखंडी गोळ्यांसारख्या गारा कोसळल्या, आणि सारा लवाजमा तळ्याच्या कांठीं गारद झाला. वाटेवरच्या एका पठाराचें नांवच पातर नचौणी, नर्तकी नाचल्या ती जागा, असें आहे. माझ्या प्रतिपक्षानें या कथेकडे जरा लक्ष द्यावें. देवीचा कोप घरचा थाट डोंगरावर नेणाऱ्या मंडळीवर झाला. एकट्या वाटसरूला तिनें कांहीं केल्याचें कोणी सांगत नाहीं. उलट नंदादेवीची मोठी राजजात निघते (ती २००० सालीं आणि त्यानंतर २०१४ सालीं निघाली) तेव्हां चार शिंगांचा एक मेंढा यात्रेच्या अग्रभागीं चालतो, आणि होमकुंडाशीं पोंचल्यावर पाठीवर देवीच्या भेटी बांधून त्याला बर्फाच्या दिशेनें एकटा सोडून देतात. माणसें तेथून मागें फिरतात. त्या मेंढ्याजवळ परवाना मागण्याचें अजून कोणास सुचलेलें नाहीं.

मी ही वाट दोन वेळां चाललों आहें. १९९६ सालीं एकटा, आणि २०१६ सालीं कॉलेजांतील कांहीं सहकाऱ्यांबरोबर. वाण गांव सोडून ओक व बुरांसाच्या रानांतून वर गेलें कीं झाडें एकाएकीं संपतात, आणि अली व बेदिनी हीं अफाट गवताळ कुरणें समोर उघडतात. यांना तिकडे बुग्याळ म्हणतात. हें गवत वर्षांतून सहा महिने बर्फाखालीं असतें. उरलेल्या थोड्या महिन्यांत त्याला उगवावयाचें, फुलावयाचें आणि पातळशी माती मुळांनीं धरून ठेवावयाची असते. पहिल्या खेपेस बेदिनीला दगडी झोंपड्या, मेंढपाळ आणि मेंढ्या एवढेंच काय तें होतें. दुसऱ्या खेपेस रंगीबेरंगी तंबूंच्या ओळी, कायमच्या उभारलेल्या कृत्रिम धाग्यांच्या झोंपड्या, खेंचरांच्या खुरांनीं उखणलेल्या वाटा, तंबू हलविल्यावर मागें राहिलेले पिवळे चौकोन, आणि संडासासाठीं खणलेल्या खड्ड्यांच्या रांगा. तेथें रात्रीं गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. पातर नचौणी जवळच होती, हें भेंड्या खेळणाऱ्यांना ठाऊक नसावें.

अखेर त्या भागांतील लोकांच्याच एका संरक्षण समितीच्या अर्जावरून उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१८ मध्यें निकाल दिला. बुग्याळांत रात्रीं मुक्काम करण्यास बंदी, एका वेळीं २०० हून अधिक प्रवासी नकोत, कायमचीं बांधकामें काढून टाकावींत, असा त्याचा आशय होता. निकाल योग्यच होता. पण तो ओढवून कोणी घेतला? आठवड्यांतून ठराविक वारीं, एका मागून एक, खेंचरें, आचारी आणि जेवणाचे मोठे तंबू घेऊन निघणाऱ्या तुकड्यांनीं! आणि मुक्काम बंद झाला तेव्हां एका तंबूचा आणि एका रात्रीचा धनी असलेला एकटा वाटसरूही त्यांच्याबरोबर बंद झाला. ज्याच्या पावलाची खूण दुसऱ्या दिवशीं गवतावर राहत नाहीं, त्यानें समुदायाच्या पापाचें प्रायश्चित्त घ्यावयाचें, आणि वर त्यालाच बेजबाबदार म्हणून हिणवावयाचें!

परंतु, प्रतिपक्षी म्हणतील, गवताचें राहूं द्या, जिवाचें काय? समुदाय सुरक्षित असतो. या म्हणण्याला मी एकच अत्यंत दुःखद उदाहरण देतों. जून २०२४ मध्यें उत्तरकाशीकडून सहस्रतालास गेलेल्या २२ जणांच्या तुकडीला १४,००० फुटांच्या वर हिमवादळानें गांठलें, आणि त्यांतील ९ जण मरण पावले. ते बहुतेक कर्नाटकांतले अनुभवी चालणारे होते. बरोबर स्थानिक वाटाडे होते. त्यांना दोष देण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. वादळापुढें कोणाचेंही कांहीं चाललें नसतें. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, संख्या हें कवच नव्हे. बावीस माणसांची रांग सर्वांत मंद माणसाच्या चालीनें चालते, आणि मागें फिरण्याचा विचार प्रत्येकाच्या मनांत आला तरी तो प्रथम बोलून दाखविण्याचें धैर्य बावीसांत कोणाला तरी व्हावें लागतें.

उंचीच्या आजाराचेंही तसेंच आहे. १०,००० फुटांच्या वर गेल्यावर झोंपण्याची जागा रोज हजार-दीड हजार फुटांहून अधिक चढवूं नये, मधून मधून एक दिवस विश्रांति घ्यावी, डोकें दुखूं लागलें तर तेथेंच थांबावें आणि दुखणें वाढलें तर मुकाट्यानें खालीं उतरावें, हा वैद्यकाचा नियम आता सर्वांना माहीत आहे. परंतु तो पाळतो कोण? तुकडीचा कार्यक्रम दोन महिने आधीं ठरलेला, पैसे भरलेले, मागून दुसरी तुकडी येत असलेली. अशा वेळीं ज्याचें डोकें दुखतें तो गोळी घेतो आणि गप्प राहतो, कारण त्याच्या एकट्यामुळें चोवीस माणसांचें तळें बुडावयाचें असतें. एकट्यावर असें ओझें नसतें. त्याचें तळें बुडालें तर त्याचेंच बुडतें, आणि पुढील वर्षीं तें तेथेंच असतें.

आता विरुद्ध बाजूची खरी बळकट गोष्ट सांगतों, कारण ती त्यांच्यापैकीं फार थोडे सांगतात. उंचीमुळें मेंदूला सूज येऊं लागली कीं पहिला घाला विचारशक्तीवरच पडतो. पाय लटपटत असतात, बोलणें अडखळत असतें, आणि ज्याला तें होतें त्यालाच तें कळत नाहीं. शेजारी कोणी असेल तर त्याला दिसतें. घोटा मुरगळला तर हांक मारण्यास माणूस नसतो, आणि शोधाला निघणाऱ्यांचाही जीव धोक्यांत पडतो. हें सारें खरें आहे. म्हणूनच एकट्याचे नियम अधिक कडक असावे लागतात: मळलेली वाट, चांगला ऋतु, हळू चाल, पहिल्या लक्षणालाच माघार. ज्याला हें पाळवत नसेल त्यानें एकट्यानें जाऊं नये. मात्र कांहींजणांना पोहतां येत नाहीं एवढ्यावरून नदी सर्वांना बंद करणें हें शहाणपण नव्हे.

आणि एकटें जाणें म्हणजे माणसांना टाळून जाणें, ही जी समजूत आहे, ती तर अगदींच उलटी आहे. १९९६ सालीं वाण गांवांत मला पावसानें दोन दिवस अडकविलें. बरोबर आचारी नव्हता, म्हणून मला एका घरीं मंडुव्याची भाकरी मागावी लागली. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. सोबती नव्हता, म्हणून घरांतल्या म्हाताऱ्याजवळ बसावें लागलें. त्यानें मला 'भुला', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून हांक मारली आणि वरची सारी वाट तोंडानें चालवून दाखविली: भगवाबासाहून उजाडण्यापूर्वीं निघ, बर्फ कठीण असतांनाच चढून जा, दुपारीं जुनारगलीवर ढग येतात, त्याच्या आंत खालीं ये. राजाची कथा मीं प्रथम त्याच्याच तोंडून ऐकली. वीस वर्षांनीं आम्ही नऊ जण त्याच गांवांतून गेलों तेव्हां कोणाच्या ओसरीवर टेंकण्याची आम्हांला गरजच पडली नाहीं. शिधा डेहराडूनहून आलेला, वाट वाटाड्याला ठाऊक, गप्पांना आम्ही आम्हांला पुरेसे. दहा दिवस आम्ही पुण्याबद्दलच बोलत होतों! समुदाय आपलें गांव आपल्याबरोबर घेऊन हिंडतो. दुसऱ्याच्या दारीं पाहुणा म्हणून उभें राहण्याची पाळी एकट्यावरच येते, आणि गढवालांत काय किंवा सह्याद्रींत काय, डोंगरांतलीं माणसें त्यालाच भेटतात.

आमच्या धंद्यांतल्या लोकांचा दुटप्पीपणाही येथें सांगितला पाहिजे. पायीं प्रवास एकट्यानेंच करावा, असें प्रतिपादन करणारा हॅझलिटचा १८२२ सालचा निबंध इंग्रजीच्या वर्गांत आम्ही रंगवून शिकवितों, परीक्षेंत त्यावर प्रश्न घालतों. आणि एखादा विद्यार्थी त्या निबंधाप्रमाणें वागूं लागला कीं पालकांना बोलावून घेतों. घरोघरींही तेंच. नर्मदेची परिक्रमा करणारा कोणी झोळी घेऊन दारीं आला तर आपण त्याच्या पायां पडतों. अंगावर भगवें असलें कीं एकटेपणा पुण्य होतो. पाठीवर सॅक असली कीं वेड होतें.

मुलींच्या बाबतींत तर हा न्याय आणखी कठोर होतो. गेल्या वर्षीं माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. मुलीला मनालीजवळच्या भृगु सरोवराला, सुमारें १४,००० फुटांवर, एकटीला जावयाचें होतें. "सर, तुमचें ती ऐकते, तुम्हीच तिला सांगा," असें त्यांचें म्हणणें. त्यांची भीति मला समजत होती, आणि ती डोंगराची नव्हती. पण मुलगी पुण्यांत रोज रात्रीं नऊ वाजतां क्लासहून एकटी परत येते, हें त्यांना चालत होतें. मी त्यांना म्हटलें, "जाऊं नको असें मी सांगणार नाहीं, तुम्ही तिला चार गोष्टी विचारा. शेवटच्या गांवीं कोणाजवळ नांव आणि परतण्याची तारीख लिहून ठेवणार? दुपारीं किती वाजतां, तळें दिसत असलें तरी, मागें फिरणार? डोकें दुखलें तर कोठें उतरणार? आणि हाताशीं शिल्लक दिवस किती ठेवले आहेत?" सरकारलाही माझी हीच सूचना आहे. तळ्याकाठीं एका रात्रीं किती तंबू असावेत हें ठरवा आणि तें कसोशीनें पाळा. शेवटच्या गांवीं नोंदवही ठेवा, ती गांवच्याच माणसाच्या हातीं द्या आणि त्याबद्दल त्याला पगार द्या. वाटाड्या ज्याला हवा त्याला गांवांतलाच मिळेल अशी व्यवस्था करा. नोंद करणारा एक आहे कीं पंचवीस, याची चौकशी त्या वहींत एका रकान्यापुरती असूं द्या.

वडील चार दिवसांनीं पुन्हां आले. मुलीनें चारही प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून दिलीं होतीं. शिल्लक दिवस दोन धरले होते. त्यांनीं तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलें कीं, उणे पांच अंशांत चालेल अशी झोंपण्याची पिशवी पुण्यांत कोठें मिळते.