रंग नव्हे, अंग पाहा

कढीपत्त्याच्या कुंडीत अळी दिसली की हात आधी फवाऱ्याकडे जातो. जरा थांबा. ती अळी बहुधा कॉमन मॉरमॉन या आपल्याच फुलपाखराची असते.

मादी कोवळ्या पानावर एकेकटं, गोल, फिकट पिवळं अंडं घालते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. मोठी झाली की हिरवी होते. काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून लालसर, दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. याच झाडावर लाइम बटरफ्लायच्याही अळ्या असतात, पण त्या फुलपाखराच्या पंखांना मॉरमॉनसारखी शेपटी नसते.

खरी गंमत मॉरमॉनच्या मादीत आहे. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. काही माद्या तशाच असतात. काहींच्या मागच्या पंखांवर मात्र पांढरे डाग आणि लाल ठिपके, थेट कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखे. कॉमन रोझची अळी विषारी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, म्हणून ते फुलपाखरू पक्षी टाळतात. मॉरमॉनमध्ये विष नाही. केवळ त्या सोंगावर ती जीव वाचवते. मग ओळखायचं कसं? सराफ पिवळ्या रंगावर भुलत नाही, कसोटीवर घासून बघतो. इथली कसोटी म्हणजे अंग: रोझचं लाल, मॉरमॉनचं काळं.

ही वेगवेगळी रूपं एकाच जातीच्या माद्यांची आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 साली मांडलं. त्यामागचं जनुक सापडायला 2014 उजाडलं. ते संशोधन ‘नेचर’मध्ये आलं, त्याचे पहिले लेखक आपले कृष्णमेघ कुंटे. कीटकांत नर-मादी ठरवण्यात ज्याचा हात असतो, त्याच ‘डबलसेक्स’ जनुकावर हे सोंगही अवलंबून आहे. नरातही ते जनुक असतं, पण त्याच्या पंखांवर सोंग उमटत नाही. एवढं मोठं कोडं आपल्या फोडणीच्या पानांवर वाढतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून एवढंच मागणं: कढीपत्त्यावर औषध मारू नका, ते शेवटी आपल्याच पोह्यांत उतरतं. दोन फांद्या अळ्यांसाठी सोडा. कढीपत्ता चिवट आहे, खाल्लेल्या फांद्यांना पुन्हा पालवी फुटते.