फोन घेताना कुकरची रिंग आठवा



नवा कुकर घ्यायला गेलं की आपण दुकानदाराला काय विचारतो? किंमत विचारतो, किती लिटरचा ते बघतो, आणि पैसे काढण्याआधी म्हणतो, "याची रिंग, शिट्टी इथं मिळते ना? पुढंही मिळेल ना?" कुकर पंधरा वर्षं टिकतो, रिंग टिकत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. रिंग मिळेनाशी झाली, की कुकर कितीही लखलखीत असो, तो माळ्यावरच जातो.

फोन घेताना मात्र हा प्रश्न आपल्या तोंडी येत नाही. "सासूबाईंना साधा, बटणांचाच फोन हवाय, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालेल का?" असं बऱ्याच जणी विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. आज चालेल का, याच्या जोडीला पुढं किती दिवस चालेल, हेही विचारायला हवं.

आधी हे असं का होतं ते पाहू. प्रत्येक फोनच्या पोटात एक यंत्रणा असते. बाजारातले बहुतेक फोन अँड्रॉइडवर चालतात, आणि आयफोनची यंत्रणा वेगळी. या दोन मोठ्या घराण्यांखेरीज अधूनमधून लहान घराणी येतात आणि जातात. एकीच्या मापानं बेतलेलं पोलकं जसं दुसरीला बसत नाही, तसं एका यंत्रणेसाठी केलेलं अ‍ॅप दुसरीवर चालत नाही. अ‍ॅपवाल्या कंपनीला ते नव्यानं बेतावं लागतं, आणि पुढंही सतत उसवून-शिवून द्यावं लागतं. घालणाऱ्या थोड्या उरल्या, की शिंपी म्हणतो, आता नाही जमत.

व्हॉट्सअ‍ॅपचंच बघा. नोकियाच्या जुन्या सिंबियन फोनांवर ते जून २०१७ नंतर बंद झालं. ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या यंत्रणेवर २०१७ च्या अखेरीस, नोकियाच्या एस-४० फोनांवर २०१८ च्या अखेरीस आणि विंडोज फोनवर २०१९ च्या अखेरीस. हे फोन काही टाकाऊ नव्हते. कित्येकांची बॅटरी, कॅमेरा ठणठणीत होता.

आपल्याकडच्या साध्या घरांत याची झळ लागली ती कायओएस नावाच्या यंत्रणेमुळे. २०१७ साली जिओफोन आला, तो याच यंत्रणेवर. दीड हजार रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. बोटभर पडदा, खाली बटणं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि कित्येक आज्यांना नातवंडांचे फोटो हातातल्या फोनवर दिसू लागले. मोठी सोय झाली, यात शंकाच नाही. पण जून २०२४ च्या अखेरीस कायओएसच्या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅप नव्यानं घेता येणं बंद झालं. ज्यांच्याकडे आधीपासून होतं, त्यांनाही २०२५ च्या सुरुवातीपर्यंतचीच मुदत होती.

मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्याकडच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जातात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची तारीख टळून गेली, तरी एका मुलीचा अर्ज आला नव्हता. आई धुणीभांडी करते. बोलावलं तर घाबरून आली, पिशवीतून बटणांचा फोन काढून दाखवला. "बाई, फोन चांगला आहे हो. बोलणं होतंय. निरोपच येईनासे झालेत, मला वाटलं शाळेनं बंद केले." विलंब शुल्क भरून अर्ज गेला खरा; पण ते शुल्क म्हणजे तिचा दोन दिवसांचा भाजीचा पैसा. वर्गाच्या गटात तिचं नाव होतं, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं, की तिला कळलंच असेल.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, फोन घेण्याआधी घरात बसून कागदावर यादी करा. आईंना नक्की काय लागतं? नुसतं बोलणं, की फोटो, की भजनं ऐकणं, की पैसे पाठवणं? मग दुकानदाराला सांगा, की यातली प्रत्येक गोष्ट आत्ता चालवून दाखवा. खोक्यावर चित्र आहे म्हणून भुलू नका. आणि कोणती यंत्रणा आहे, अँड्रॉइड असेल तर किती जुनी, हे जरूर विचारा. जुन्या अँड्रॉइडवरही अ‍ॅप्स अशीच एकेक करून बंद पडतात. स्वस्तात मिळालेला जुना फोन घेताना तर हे हटकून बघा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

दुसरी, घरात असा बंद पडत चाललेला फोन असेल, तर तहान लागल्यावर विहीर खणू नका. नावं आणि नंबर सिमकार्डावर किंवा मेमरी कार्डावर उतरवून घ्या. फोटो कार्डात साठवा. महत्त्वाचे दहा नंबर वहीतही लिहा. वहीला बॅटरी लागत नाही. कायओएसच्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या गप्पा नव्या अँड्रॉइड फोनमध्ये जात नाहीत, म्हणून हवं ते आधीच टिपून ठेवलेलं बरं.

तिसरी, फोन बदला, पण नंबर तोच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं नंबरावर असतं. नव्या फोनवर त्याच नंबरानं नोंद केली, की आधीचे गट टिकून राहतात. मात्र खातं १२० दिवस वापरलंच नाही, तर ते साधारणपणे पुसलं जातं. आणि नोंदणीच्या वेळी येणारा सहा आकडी क्रमांक कुणालाही सांगायचा नाही, अगदी "मी कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही.

चौथी, सगळी कामं एकाच अ‍ॅपच्या खुंटीला टांगू नका. बँकेचा ओटीपी साध्या संदेशानं येतो, तो कुठल्याही फोनवर येतो. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली आहे. फोन लावून, सूचना ऐकत व्यवहार करता येतो. आईंचं खातं असलेल्या बँकेत जाऊन, समोर बसून ती समजून घ्या.

आणि एक काम आपल्या हातातलं. तुम्ही सोसायटीच्या, भिशीच्या किंवा शाळेच्या गटाच्या प्रमुख असाल, तर एकदा नावांवरून बोट फिरवा. कुणाच्या फोनवर निरोप पोचत नाही, ते विचारा. तिला साधा संदेश पाठवा, नाहीतर सरळ फोन करा. आमच्या वर्गात आता महत्त्वाची सूचना मुलांच्या वहीत लिहून देतो आणि खाली पालकांची सही घेतो. मुलांचं अक्षरही त्यानं सुधारतंय, हा वरचा फायदा!