घरकुलाची भिंत आणि अभियंत्यांची संस्था

दरवर्षी १५ सप्टेंबरला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिनी देशभर अभियंता दिन साजरा होतो. स्थापत्य अभियंत्यांच्या स्थानिक संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील त्यांच्या विद्यार्थी-शाखा यांचा त्या दिवसाचा आणि एकूण वर्षाचाच कार्यक्रम आता ठरून गेलेला आहे. एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान होते, सिमेंटच्या कारखानदाराच्या सौजन्याने चर्चासत्र भरते, आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलांची स्पर्धा होते आणि एखाद्या मोठ्या बांधकामाला भेट दिली जाते. यात वावगे काही नाही. तरुणांनी आपल्या शास्त्रावर प्रेम करावे, काँक्रीटचा घन यंत्राखाली किती भार सोसून फुटतो हे कुतूहलाने पाहावे, हे चांगलेच. परंतु पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात अशा संस्थांचे मोल केवळ या कार्यक्रमपत्रिकेवरून ठरवता येणार नाही. या भूमीवर गेल्या साठ वर्षांत स्थापत्यशास्त्राने जे उभे केले आणि ज्यांच्यासाठी काहीच उभे केले नाही, त्या दोहोंचा हिशेब मांडूनच ते ठरवावे लागेल.

हा हिशेब मोठा आहे. तारापूरची अणुवीज केंद्राची पहिली दोन एककें १९६९ साली चालू झाली. ५४० मेगावॉटची पुढची दोन २००५-०६ मध्ये आली आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. सूर्या नदीवर धामणी आणि कवडास येथे धरणे झाली. आज मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे खांब उभे राहत आहेत आणि तिचे एक स्थानक बोईसरला व्हायचे आहे. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला आणि सिडकोने कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या प्रशस्त इमारती बांधल्या. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढी उघडी प्रयोगशाळा क्वचितच लाभेल. पूर्वी या भागातील मुलाला अभियंता होण्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहावे लागे. आता महाविद्यालये पालघर-बोईसरच्या दाराशी आली आहेत. शिक्षण दाराशी आले, तेव्हा शिक्षणाच्या दाराशी काय आहे हेही पाहणे आले.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी, हळदपाडा, आंबोली, दापचरी या गावांची नावे वर्तमानपत्रांत रोज येऊ लागली. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता चारच्या थोडी वर होती. त्या दिवशी घाबरून पळताना एका दोन वर्षांच्या मुलीचा अंत झाला. त्याच वर्षी जुलैत भिंत अंगावर कोसळून एक ग्रामस्थ दगावला. लोकांनी थंडीतील कित्येक रात्री तंबूत काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रे बसवली. पावसाचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल मुरते आणि त्या दाबाने खडक सरकतात, असा एक निष्कर्ष शास्त्रज्ञांनी मांडला. भूगर्भाचा प्रश्न तज्ज्ञांकडे सोपवावा. मात्र चार तीव्रतेचा धक्का नीट बांधलेले घर पाडत नाही, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. ते स्थापत्याच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकतो. तो ते सांगायला पाड्यावर गेला का, एवढाच प्रश्न आहे.

वारल्यांचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेला, वर हलके छप्पर. असे घर हादऱ्याने वाकते, कुरकुरते, पण माणसाला चिरडत नाही. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वाळवी लागते, पावसाळ्यात ओल येते, आग लागली की तासाभरात राख होते. पक्के घर हवे ही आदिवासीची मागणी रास्तच आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत त्यासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचे मूळ अनुदान ठरले. तेवढ्या पैशांत निदान २५ चौरस मीटरचे घर उभारायचे असते. मग पैसा पुरवण्यासाठी भिंत पातळ होते, माल कमी सिमेंटचा होतो आणि दिसत नाही ते सर्व वगळले जाते. वगळण्यात पहिला क्रमांक सळईचा. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली चारही भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई, एवढीच ती काय ती युक्ती. भारतीय मानक संस्थेच्या संहितांत ती कित्येक वर्षांपासून लिहिलेली आहे आणि घराच्या एकूण खर्चात तिचा वाटा अगदी थोडक्या टक्क्यांचा आहे. २००२ च्या नकाशात हा भाग भूकंपाच्या तिसऱ्या विभागात दाखवला होता, म्हणजे धोका सरकारदप्तरी नोंदलेलाही होता. घरकुलाचा हप्ता मात्र छायाचित्र पाहून सुटतो. छायाचित्रात जोत्याची उंची दिसते, जोत्यातील सळई दिसत नाही.

अशा रीतीने कुडाचे सुरक्षित झोपडे मोडून त्या जागी विटांचे असुरक्षित घर उभे राहते आणि अहवालात त्याची नोंद विकास म्हणून होते. महाराष्ट्राने हा धडा ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला गिरवला आहे. तेथे हजारो माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली. ती घरे गरिबांची होती असेही नव्हे. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्यांचीही होती. बळ जाडीत आहे, बांधणीत नाही, या समजुतीने त्यांचा घात केला.

दुसरी गोष्ट पाण्याची. सिमेंटचे काम केल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी मारावे लागते, नाही तर त्याला बळ येत नाही. परीक्षेत या प्रश्नाला गुण हमखास मिळतात. घरकुले बांधली जातात ती मार्च ते मे या महिन्यांत, पाड्यावरची विहीर तळाला गेलेली असताना. प्यायच्या हंड्यासाठी मैलभर चालणारी बाई भिंतीला पाणी कोठून मारणार? सूर्या प्रकल्पाची धरणे या जिल्ह्यातील आदिवासी शेतकऱ्याच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधली गेली. पुढे त्याच प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटर पाण्याची योजना आखली गेली. त्या जलवाहिन्या बसवणे हे अभियांत्रिकीचे नाणावलेले काम आहे आणि विद्यार्थ्यांच्या सहली तेथे जरूर जाव्यात. पण जाताना धरणाच्या पायथ्याच्या पाड्यावरही थांबावे आणि एका घरकुलाला लागणाऱ्या पाण्याचे गणित तेथेच, वहीत नव्हे तर विहिरीच्या काठावर, सोडवावे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची कथा आणखी तीव्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील सर्व औद्योगिक क्षेत्रांत तारापूर पहिले आले होते. नवापूरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला मच्छीमारांच्या संघटनेला हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. सांडपाण्यातील प्राणवायूची मागणी मोजणे हा स्थापत्याच्या अभ्यासक्रमातील प्रयोग आहे. पर्यावरण अभियांत्रिकीची प्रयोगशाळा महाविद्यालयात असते आणि सालवड, पास्थळ, कुंभवलीच्या विहिरी तेथून दुचाकीच्या अंतरावर आहेत. दर महिन्याला वीस विहिरींचे पाणी तपासून त्याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणे, यात खर्च थोडा आणि शिक्षण पुष्कळ. मग ते का होत नाही?

याचे उत्तर अर्थशास्त्राचे आहे. व्यावसायिकांची संस्था आपल्या सदस्यांच्या उपजीविकेवर उभी असते. या पट्ट्यातील अभियंत्याची उपजीविका कारखानदार, विकासक आणि ठेकेदार यांच्या बिलांवर चालते. ज्याने उद्या काम द्यायचे त्याच्या नाल्याचे पाणी आज तपासणे जड जाते. त्यात कोणाची नीती खोटी आहे असे समजण्याचे कारण नाही, तो व्यवहाराचा जाच आहे. बाजारात ज्ञान विकत मिळते ते ज्याच्याकडे पैसा आहे त्याला. घरकुलाच्या लाभार्थ्याला अभियंत्याची फी परवडत नाही, म्हणून ज्याला सल्ल्याची गरज सर्वाधिक त्यालाच तो मिळत नाही. संस्थेतील एकच सदस्य असा आहे की ज्याचे कोणाकडे बिल थकलेले नाही. तो म्हणजे विद्यार्थी. विद्यार्थी-शाखेकडे भावी सभासदांची रोपवाटिका म्हणून पाहिले जाते. खरे तर ती संस्थेतील एकमेव निःस्वार्थ शाखा आहे आणि तिचे हे स्वातंत्र्य जेमतेम चार वर्षांचे असते.

केरळात याचे उदाहरण सापडते. १९८५ साली त्रिशूर येथे कॉस्टफोर्ड ही संस्था निघाली, तेव्हा वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्याबरोबर माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज होते. स्वस्त घर म्हणजे निकृष्ट घर हे समीकरण त्यांनी मोडले. गवंड्याला शिकवले, विटेची बचत केली, पण बांधणीत कसूर केली नाही. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या आणि सोमनाथच्या शिबिरांनी तरुणांच्या हातात कुदळ दिली. ते मोठेच काम होते. आता कुदळीबरोबर ओळंबाही हवा. विद्यार्थ्याने भिंत स्वतः उचलून देण्यात शोभा अधिक आणि उपयोग कमी. त्याने गवंड्याजवळ उभे राहून सळई कोपऱ्यात कशी वळवायची हे दाखवावे आणि गवंड्याकडून रेतीतील माती मुठीत ओळखण्याची कला शिकून घ्यावी.

बांधकामस्थळाच्या भेटींविषयीही थोडे लिहिले पाहिजे. त्या भेटींत विद्यार्थी स्तंभ पाहतात, सांधे पाहतात, छायाचित्रे काढतात. घमेली वाहणारे हात त्यांच्या टिपणात येत नाहीत. ते हात बहुधा विक्रमगड, जव्हार, मोखाड्याचेच असतात. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर या मजुरांच्या कल्याणासाठी ठेवला आहे, पण वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मिळवता मिळवता मजूर थकतो. तो दाखला देऊ शकणाऱ्यांत ठेकेदार येतो, आणि अनेकदा तो ठेकेदार पदवीधर अभियंताच असतो. अभ्यासभेटीच्या अहवालात काँक्रीटच्या प्रतीबरोबर किती मजुरांची नोंदणी झाली आहे हा एक रकाना घातला, तर ठेकेदाराला तो प्रश्न निदान एकदा ऐकावा लागेल. २६ ऑगस्ट २०२५ रोजी याच जिल्ह्यात विरारला चार मजली अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली. तिचे रहिवासीही कष्टाच्या पैशांवर घर घेणारेच होते. शहर असो की पाडा, तपासणारा डोळा गरिबाच्या भिंतीकडे वळत नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि तेथील ग्रामसभेला कायद्याने अधिकार आहेत. घरकुलाच्या जोत्यात पट्टा घातल्याशिवाय काम पुढे जाऊ नये, असा ठराव ग्रामसभा करू शकते. तो ठराव लिहून घेणे, अनुदानात पट्ट्याचा खर्च वेगळा धरावा म्हणून जिल्हा परिषदेकडे पाठपुरावा करणे आणि महाविद्यालयाच्या विभागप्रमुखाला भेटून दहा विद्यार्थी मागणे, ही कामे मोर्चापेक्षा कमी कष्टाची नाहीत. उन्नत भारत अभियानात महाविद्यालयांनी गावे दत्तक घ्यायची असतात. ती गावे कोणती असावीत याचा आग्रह धरता येईल.

अडचण वेळापत्रकाची आहे. महाविद्यालयाला सुट्टी असते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा पाडे ओस असतात, कारण दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली असतात. ती परततात शिमग्याला, होळीसाठी चार दिवस. विटा थापणारी ही माणसे स्वतःच्या विटांच्या घराचा विचार त्या चार दिवसांतच करतात. गवंडी ठरतो, सामान सांगितले जाते. जोते त्यानंतर लगेच भरले जाते, म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना पाड्यावर न्यायचे असेल तर ते होळीच्या आठवड्यात न्यावे.