हेडलाइट आपला, डोळे समोरच्याचे

नोकरी डिचोलीत, घर पेडण्यात, त्यामुळे रात्रीची फेरी ठरलेलीच. बुलेटचा मूळचा 60/55 वॅटचा बल्ब पावसात पुरेना, म्हणून हौसेने 100/90 चा घातला. रस्ता लख्ख! महिन्याभरात होल्डर वितळला, ते सोडा. पण एकदा दहिकाला बघून परतताना समोरचा स्कूटरवाला माझ्या झोताने दिपून गटारात गेला. धावलो तर आमच्याच वाड्यावरचे काका! लागलं नव्हतं फारसं. एवढंच म्हणाले, "तुला दिसलं रे बाबा, मला काय दिसलं?"

तेव्हापासून माझं मत पक्कं. आधी काच पुसा, रिफ्लेक्टर काळा पडलाय का बघा, बॅटरी तपासा, रिले बसवा. त्याच 60/55 चा उजेड वाढतो. बल्ब बदललात तरी वॅट तेवढेच ठेवा, भिंतीवर झोत पाडून तो खाली बसवून घ्या. हॅलोजनच्या जागी स्वस्तातला एलईडी कोंबू नका, झोत फुटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मोपाचा विमानतळ 2023 ला सुरू झाला, आता रात्रीही गाड्या असतात. पण गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून येणारा अजूनही बहुतेक आपलाच असतो. लाइट खाली करा.