पिंड सोडला, पितर सोडले नाहीत



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात भाद्रपदाचा वद्य पक्ष आला की एक प्रश्न उभा राहतो. वृद्ध माता विचारते, “यंदा तुझ्या बापाचे पान वाढायचे नाही काय? तो उपाशी राहील.” मुलगा बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवितो. म्हातारी गप्प बसते. परंतु तिचे समाधान होत नाही. तुमच्या घरी असे घडले असेल, तर तिला अज्ञानी म्हणून बाजूस सारू नका. ज्याच्याबरोबर उभा जन्म काढला तो माणूस आता कोठे आहे, हेच ती विचारीत असते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिचे कारण उघड आहे. आत्मा आहे, तो भुकेला आहे आणि त्याची भूक भागविण्याचा मक्ता एका वर्णाकडे आहे, या तीन कल्पनांवर श्राद्धाची इमारत उभी आहे. भगवान बुद्धांनी आत्माच नाकारला. मग उरलेल्या दोन कशाच्या आधाराने टिकणार? शिवाय आपल्या पूर्वजांचा अनुभव आठवा. गावात कोणी मेले की परगावी वर्दी पोचविणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महाराची. मोबदला मढ्यावरचे कापड. ज्यांनी साऱ्या गावाच्या मेलेल्यांची सेवा केली, त्यांचे स्वतःचे प्रेत मात्र वेगळ्या मसणवटीत जाई. त्या व्यवस्थेचे कर्मकांड त्यांच्याच नावाने चालविणे हा त्यांचा सन्मान कसा होईल?

तथापि धम्म शोकाला बंदी करीत नाही. एकुलते मूल गमावलेल्या किसा गोतमीला तथागतांनी वेडी ठरविले नाही. जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास त्यांनी तिला सांगितले, आणि दारोदार फिरताना आपले दुःख सर्वांचेच आहे हे तिला उमगले. स्वतः बाबासाहेबांनी चार अपत्ये गमावली. त्यांतील लाडका राजरत्न 1926 साली गेला. 27 मे 1935 रोजी माता रमाबाई गेल्या. पुढे पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांनी त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी सांगितले आहे की, देहाची पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वे निसर्गातील आपल्यासारख्याच तत्त्वांत मिळून जातात. वाट पाहत बसलेला भुकेला आत्मा मागे राहत नाही. माणसाच्या कृतीचे परिणाम मात्र राहतात. बापाने पोटाला चिमटा घेऊन मुलाला शाळेत घातले असेल, तर त्या मुलाच्या हातातील लेखणीत तो बाप आहे.

म्हणून स्मृतिदिनी त्रिसरण-पंचशील ग्रहण करा, पुण्यानुमोदन करा, ऐपतीप्रमाणे दान द्या. पण सावध असा! विधीचे नाव पालटले आणि कर्ज काढून घातलेले तेराव्याचे जेवण तसेच राहिले, तर आपण काय सोडले? तेच पैसे एखाद्या मुलाच्या पुस्तकांस द्या. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. आपल्या समाजाने आपल्या थोर मृताचे स्मरण असे केले. घरच्या मृतांचेही तसेच करता येईल.

आणखी एक काम आजच करा. एक वही घ्या आणि मातेजवळ बसा. आजोबा-पणजोबांची नावे, कोणी कोणती कष्टाची कामे केली, कोणता अपमान सोसला, कोणत्या सत्याग्रहात कोण गेले, ते तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा. आपल्या माणसांची नोंद इतर कोणी ठेवली नाही. आपणही ठेवली नाही, तर ती खरोखरच मरतील.

वहीच्या पहिल्या पानावर वडिलांचे नाव लिहून ते मातेला वाचून दाखवा. कावळ्यापुढे मांडलेल्या पानाने जे समाधान तिला कधी दिले नाही, ते त्या पानाने मिळेल.

जय भीम!