वाचविलेल्या कुत्र्यास घर पाहताना

पांजरपोळाच्या पावतीपुस्तकावर आपला व्यापारी समाज सढळ हाताने आकडा घालतो, हे सर्वश्रुत आहे. पावती हाती पडली की जीवदयेचे कर्तव्य पार पडले, असा समजही त्याबरोबर दृढ झाला आहे. अंगात रग असलेला एखादा धडधाकट मुका जीव आपल्याच दारी येतो, तेव्हा हा समज टिकत नाही. आमचा तरी टिकला नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बेळगावच्या रविवार पेठेत आमच्या दुकानापुढे ज्वारीची लॉरी रिकामी होत असता, पाय दुखावलेले एक पिल्लू हमालांना चाकाशेजारी सापडले. औषधोपचार झाला, ते गोदामातच वाढले आणि वर्षाच्या आत मोत्या आटोपेनासा झाला. बारदाने फाडावी, गिऱ्हाइकांच्या अंगावर उड्या घ्याव्या, मोटारसायकलीमागे धावावे! अखेर आम्ही त्यास जिन्याखाली साखळीने बांधले. दिवसभर तो तेथल्या तेथे घिरट्या घाली. मानेवरचे केस घासून गेले, तरी आपण एक जीव वाचविला, या समाधानात आम्ही होतो.

दशलक्षण पर्वात रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे विवेचन मंदिरात होते. सातव्या दिवशी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार ऐकले : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे. आजवर हे शब्द आम्ही गाडीच्या बैलांपुरते समजत होतो. त्या दिवशी पहिलाच शब्द ऐकून जिना आठवला. पुढे एका वकील स्नेह्यांनी सांगितले की, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलमही हेच म्हणते. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे हिंडविले-फिरविले नाही, तर मालक दोषी ठरतो. आणि सबळ कारणावाचून त्यास सोडून देणे हाही अपराधच. म्हणजे बांधता येईना आणि सोडताही येईना. दुसरे घर पाहणे एवढाच मार्ग उरला.

येथे आमच्या हातून चूक झाली. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका परिचितांस ‘प्रेमळ आहे, गुणी आहे’ एवढेच सांगून आम्ही मोत्यास देऊन टाकले. अकराव्या दिवशी तो परत आला. दोष त्या गृहस्थांचा नव्हे. गहू विकताना आम्ही पोत्यात पोकळ सळई खुपसून मधला दाणा काढून दाखवितो. वरची वानगी चांगली आणि आत किडका माल, असे केल्यास पेठेत पत राहत नाही. मग मुक्या जिवाच्या बाबतीतच आम्ही वरची वानगी का दाखविली? लवकर सुटका व्हावी म्हणून, दुसरे काय!

दुसऱ्या खेपेस वय, नसबंदी, रेबीजच्या लशीची तारीख, बारदाने, उड्या, मोटारसायकली, सारे सांगितले. सहा जणांनी ऐकून नकार दिला. सातवे खानापूर रस्त्याकडील एक शेतकरी. घरी दोन धावती मुले, मोकळे रान. तथापि ते घर मांसाहारी. आमच्या काही वडीलधाऱ्यांस हे रुचले नाही. त्यांचा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. आम्ही दूध-भाकरीची अट घातली, तेव्हा ते म्हणाले, ‘शेटजी, रोजचं कबूल, सणावाराचं सांगू शकत नाही.’ हे ऐकून आम्ही मोत्या त्यांच्या स्वाधीन केला. त्या घरी काय शिजते हे मोत्यामुळे ठरत नव्हते. आमच्या जिन्याखालची साखळी मात्र आम्हीच बांधली होती. न जमल्यास केव्हाही परत घेऊ, असा शब्दही दिला.

आठ महिने झाले. महिन्याकाठी आम्ही जाऊन येतो. चिखलाचे पाय अंगावर ठेवून तो मुलांमागे पळून जातो. पहिल्याच महिन्यात त्याने एक कोंबडी मारली. आम्ही देऊ केलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत. तो जीव कोणाच्या खाती लिहावा, हा हिशेब आम्हांस अद्याप लागलेला नाही.

संघाने अशा जनावरांची एक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. जनावर देणाऱ्याने खोडी प्रथम लिहाव्यात, गुण मागाहून. आणि शेतमळा असलेल्या सभासदांनी आपली नावे आधीच नोंदवावीत. वहीचा व लशीचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही सोसू. कार्यकारी मंडळाने हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा.