सोया सॉसशिवाय नूडल्स
घरात एकाला अर्धशिशी आणि दुसऱ्याला गहू किंवा सोया सोसत नसेल, तर नूडल्स करताना पहिली अडचण सोया सॉसची येते. तो सोयाबीन आणि बहुधा गहू आंबवून केलेला असतो. आंबवताना त्यात टायरामीन तयार होतं, आणि काहींचं डोकं त्यानं उठतं. फिश सॉस, मिसो हेही आंबवलेलेच, त्यामुळे त्याऐवजी ते वापरून काही साधत नाही. अजिनोमोटोवरचा सरसकट आरोप मात्र मला पटत नाही. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेडा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला चवीचा घटक, वेगळं केलं. ते टोमॅटोत, मश्रूममध्येही असतं, आणि अर्धशिशीशी त्याचं नातं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. ज्याला त्रास होतो त्यानं जरूर टाळावं. मी व्हिएतनामी धाटणीचे तांदळाचे नूडल्स घेते, गरम पाण्यात भिजवून निथळते. (सोबा घेणार असाल तर पाकीट नीट वाचा, त्यात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.) साध्या तेलात भरपूर आलं, थोडी लसूण, मोठ्या आचेवर गाजर-कोबी; मग मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर आणि कोंबडीचं घरी काढलेलं अळणी पाणी. चव इथेच येते, म्हणून अळणी सावकाश उकळा. कोंबडी ताजीच हवी, कारण शिळ्या मांसात टायरामीन वाढत जातं. वरून कोथिंबीर घाला आणि वेळेवर जेवा. उपाशी पोटानंही अर्धशिशी उठते.